बोलावणं कुठवर जातं

चार माणसं सभेला जमली की माझी नजर आधी हजेरीच्या रजिस्टरकडं जाते. १९८८ ते २०१९ अशी एकतीस वर्षं मी ग्रामसेविका होते. आटपाडी, खानापूर, तासगाव आणि शेवटी पलूस या तालुक्यांतल्या सात गावांची दप्तरं मी सांभाळली. नोकरी संपली, पण ही खोड जात नाही. सह्या किती झाल्या ते मी बघत नाही. कोणाच्या झाल्या नाहीत ते बघते.

ही खोड मला आबांनी लावली. आबा म्हणजे वडिलांचे वडील. आमचं गाव आटपाडी महालातलं, म्हणजे तेव्हाच्या औंध संस्थानातलं. १९४० च्या आसपास आबा गावचे पंच होते. ते सांगायचे, “राजानं राज्य वाटून टाकलं तवा आमच्या वाट्याला घोंगडं आलं.” पंचांना बसायला खुर्च्या नव्हत्या. मारुतीच्या पारावर घोंगडं अंथरायचं, पाच जणांनी त्यावर बसायचं आणि गावानं समोर. मी लहानपणी विचारलं होतं, “सभा आहे हे गावाला कळायचं कसं?” आबा म्हणाले, “दवंडी.” आणि मग थोडं थांबून, “ज्याच्या दारावरनं जाईल त्याला.”

त्या थांबण्याचा अर्थ मला फार उशिरा कळला.

आमचं घर माळ्याचं, वेशीच्या आतलं. दवंडी आमच्या दारावरून जायची. दवंडी देणारा तराळ असायचा, वतनदार महार. गावात पाहुणा अंमलदार आला की त्याच्या घोड्यापुढं पळायचं, सरकारी टपाल पुढच्या गावाला पोचवायचं, सारा वसुलीला कुळांना चावडीवर बोलावून आणायचं, कोणी मेलं तर सांगावा घेऊन पाव्हण्यांच्या गावी जायचं, ही सगळी कामं त्याचीच. गावातलं प्रत्येक बोलावणं त्याच्या तोंडून निघायचं. तो मात्र चावडीची पायरी चढायचा नाही, खाली उभा राहायचा. अख्ख्या गावाला सभेला बोलावणाऱ्या माणसाला सभेत बसायला जागा नव्हती. आटपाडीतच १९२१ साली जन्मलेल्या शंकरराव खरातांनी आपल्या आत्मचरित्राला ‘तराळ-अंतराळ’ हे नाव दिलं. तराळाचा हा मुलगा पुढं मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू झाला, १९८४ च्या जळगावच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. ते पुस्तक मी नोकरी लागल्यावर वाचलं आणि आबांचं ते थांबणं आठवलं.

हे कायम असंच होतं असंही नाही. शिवकाळात आणि पेशवाईत वतनाचा किंवा शिवेचा तंटा निघाला की गोतसभा बसायची. पाटील, कुलकर्णी, शेटे, बलुतेदार आणि शेजारच्या गावचे जाणते असे जमून निवाडा करायचे आणि त्याचा कागद व्हायचा, महजर. त्या कागदांवर सह्यांच्या जागी निशाण्या दिसतात. कुणब्याचा नांगर, वाण्याचा तराजू, कुलकर्ण्याची लेखणी. अक्षर न येणाऱ्यालाही त्या कागदावर जागा होती. त्याचं अवजार हीच त्याची सही. शिवेच्या भांडणात तर महाराची साक्ष मोलाची धरायचे, कारण गावाची हद्द पायाखाली घातलेला माणूस तोच. म्हणजे हजेरीपट अगदी जुना आहे. इंग्रजांची दिवाणी कोर्टं आली तसे हे कागद थांबले. तंटा तालुक्याला गेला, तिथून जिल्ह्याला गेला आणि गावाच्या तोंडचं बोलणं वकिलाच्या तोंडात गेलं.

औंधाची गोष्ट या पार्श्वभूमीवर वाचावी लागते. औंध हे पंतप्रतिनिधींचं संस्थान. छत्रपती राजारामांनी जिंजीला असताना प्रतिनिधी हे पद निर्माण केलं, ते पुढं परशुराम त्रिंबकांच्या घराण्याकडं राहिलं. संस्थान छोटं, गावं बहात्तर, आणि तीही सलग नाहीत. औंध आजच्या सातारा जिल्ह्यात, आटपाडी आणि कुंडल आजच्या सांगलीत, गुणदाळ विजापूरकडं. घोंगड्याचे चार तुकडे चार ठिकाणी वाळत घातल्यासारखं राज्य. मुलुख दुष्काळी. आमच्या माणदेशात पाऊस पाहुण्यासारखा येतो आणि जेवायला न थांबता जातो.

गादीवर १९०९ पासून भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी होते. राजा चित्रकार, कीर्तनकार आणि सूर्यनमस्काराचं वेड लागलेला. शाळेतल्या पोरांना, नोकरांना, पाहुण्यांना, सगळ्यांना नमस्कार घालायला लावायचे. पंडित सातवळेकर त्यांच्या आश्रयानं औंधात राहून वेदांची भाषांतरं छापत होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० साली कुंडलजवळच्या निवडुंगाच्या माळावर कारखान्याला जागा दिली तीही याच राजानं. त्या माळाची किर्लोस्करवाडी झाली. यमाईच्या डोंगरावरचं चित्रसंग्रहालय त्यांचंच.

१९३८ च्या अखेरीला, सत्तरी गाठलेल्या या राजानं जाहीर केलं की राज्य आता प्रजेचं. मागं दोन माणसं होती. एक त्यांचा मुलगा अप्पासाहेब पंत, वय सव्वीस, ऑक्सफर्डला शिकून आणि बॅरिस्टर होऊन नुकता परत आलेला. दुसरा मॉरिस फ्रीडमन, पोलंडचा ज्यू इंजिनिअर. तो बंगळूरच्या सरकारी वीज कारखान्यात होता, भगवी वस्त्रं नेसायचा आणि भारतानंद नाव लावायचा. सूत कातायची धनुषतकली त्याच्याच डोक्यातली. पुढं मुंबईत निसर्गदत्त महाराजांच्या मराठी निरूपणांचं इंग्रजी पुस्तक करून त्यानं ते जगभर पोचवलं. या दोघांनी मसुदा केला, सेवाग्रामला जाऊन गांधीजींपुढं ठेवला, त्यांच्या सूचना घेतल्या. २१ जानेवारी १९३९ ला औंधाची स्वराज्य घटना अमलात आली. देशाच्या घटनेला अजून अकरा वर्षं होती.

घटनेची रचना खालून वर जाणारी. प्रत्येक गावानं पाच पंच निवडायचे. गावोगावच्या पंचायतींच्या प्रमुखांची तालुक्याची सभा आणि तिथून निवडलेल्यांची संस्थानची विधानसभा. वर बसणाऱ्या माणसाची मुळी कुठल्या तरी गावच्या घोंगड्यात हवी, असा तो हिशोब होता. न्यायाचंही तेच. कज्जा तालुक्याला न नेता न्यायाधीशानंच गावात यायचं, पंचांना बरोबर घेऊन तिथंच ऐकायचं. यातलं शहाणपण आबा एका वाक्यात सांगायचे: “कोर्टात खोटं बोलता येतंय, पारावर न्हाई. समोर चुलता बसलेला असतोय.”

मात्र गांधीजींच्या सल्ल्यानं एक अट घातली होती: मत त्याला, ज्याला लिहिता-वाचता येतं. हेतू चांगला होता. मत हवं म्हणून लोक अक्षर शिकतील, आणि लोकांना मत द्यायचं म्हणून राज्य शाळा काढेल. संस्थानानं शिक्षणाचा रेटा लावलाही. व्यंकटेश माडगूळकर याच आटपाडी महालातल्या माडगुळ्याचे. त्यांच्या ‘बनगरवाडी’तला मास्तर याच राज्यातला. धनगरांच्या वाडीवर एकटा शिकलेला पोरगा जातो आणि हळूहळू वाडीचे अर्ज, भांडणं, मनिऑर्डरी सगळं त्याच्या अंगावर येतं, हे वाचताना मला तो मास्तर न वाटता ग्रामसेवक वाटायचा.

आबा चौथी झालेले. त्यांचं नाव यादीत आपोआप आलं. रात्री कंदील लावून ते तालमीत पोरांना आणि बाप्यांना बाराखडी शिकवायचे. कोणाकोणाला सही यायला लागली ते त्यांना म्हातारपणीही तोंडपाठ होतं, बोटांवर मोजून सांगायचे. पण ते तालमीतून परत यायचे त्या घरात आजी होती, आणि तिला अक्षर आलं नाही ते नाहीच. मी एकदा विचारलं, “आजी, तू गेली नाहीस का शिकायला?” ती भाकरी थापत होती. थापायची थांबलीही नाही. म्हणाली, “तालमीत बायका जात्यात व्हय?” आणि पारावरच्या सभेला? “ऐकू यायची की. ह्यांचा आवाज मोठा. पण आमास्नी बोलीवलं हुतं व्हय?”

औंधाच्या प्रयोगावर बोलताना लोक राजाचं मोठेपण सांगतात. ते खरंच आहे. देशातले बाकीचे बहुतेक राजे गादीला घट्ट धरून बसले होते तेव्हा याने स्वतः उठून जागा दिली. पण मी दप्तरी बाई, माझं लक्ष यादीकडं जातं. राजानं सत्ता सोडली, ती यादीनं धरली. जुन्या महजरावर नांगराची निशाणी चालत होती. नव्या यादीला अक्षर लागलं. ज्याला आधीच अक्षर होतं तो आत, आणि ज्याला शिकायला तालीम मोकळी होती तो त्याच्या मागोमाग. बाकीच्यांना भिंतीपलीकडून ऐकू येत होतं.

आटपाडीजवळ त्याच १९३९ साली फ्रीडमनच्या कल्पनेतून आणखी एक वसाहत उभी राहिली, स्वतंत्रपूर. शिक्षा झालेले कैदी, भिंत नाही, कुलूप नाही, शेती करायची आणि राहायचं. कैद्याला बांधून ठेवणारी गोष्ट एकच, रोजची हजेरी. ग. दि. माडगूळकरांनी त्यावरून कथा लिहिली आणि १९५७ साली शांतारामबापूंचा ‘दो आँखें बारह हाथ’ आला. माझ्या आईला तो सिनेमा फार आवडायचा. मला त्यातली हजेरी आवडते. नाव पुकारलं की ‘हजर’ म्हणणारा माणूस भिंत नसतानाही थांबतो, कारण कोणी तरी त्याचं नाव रोज घेतं.

आता कुंडलकडं येते. कुंडल औंधाचं, म्हणजे तिथंही पंचायत, तिथंही दवंडी. आणि त्याच कुंडलात, त्याच वर्षांत, उलट्या रीतीनं चालणारं दुसरं स्वराज्य उभं राहिलं. १९४२ च्या सप्टेंबरात तासगाव, वडूज, इस्लामपूरला कचेऱ्यांवर मोर्चे गेले. वडूजला ९ तारखेला गोळीबारात परशुराम घार्गे आणि त्यांच्याबरोबरचे सत्याग्रही पडले. दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला. मोर्चा म्हणजे उघड बोलावणं, आणि उघड बोलावणं पोलिसांनाही ऐकू जातं. उरलेले कार्यकर्ते भूमिगत झाले. १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटील, किसन वीर, नागनाथअण्णा नायकवडी, जी. डी. बापू लाड यांचं प्रतिसरकार सातारा जिल्ह्यात चालू लागलं. तेव्हाचा सातारा म्हणजे आजचे सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे. १९४९ ला दक्षिण सातारा वेगळा झाला, आणि १९६० ला त्याचं सांगली असं नाव झालं.

प्रतिसरकारची न्यायदान मंडळं होती, गावोगाव गट होते, कुंडलला तुफान सेनेचं शिक्षण होतं. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ याच सेनेनं पगाराची रक्कम नेणारी रेल्वे अडवली. सावकाराचं कर्ज, दारू, नवराबायकोची भांडणं, गांधी पद्धतीची कमी खर्चाची लग्नं, सगळं या मंडळांपुढं यायचं. औंध हद्दीचा त्यांना फायदाही झाला, कारण संस्थानात घुसायला इंग्रजी पोलिसांना सहजासहजी जमत नसे.

पण या राज्याला यादी करता येत नव्हती. लिहिलेलं नाव सापडलं तर माणूस सापडला. पलूसला असताना माझ्या पंचायतीत एक म्हातारे यायचे, पेन्शनच्या कागदांसाठी. पोरगे असताना निरोप्याचं काम केलेले. ते म्हणायचे, “बाई, तुमी सगळं लिवून ठेवताय. आमी लिवलं असतं तर फासावर गेलो असतो.” निरोप डोक्यात ठेवायचा. एकाला फक्त पुढचा एक जण माहीत. रात्रीची बैठक कुठल्या मळ्यात हे संध्याकाळपर्यंत कळायचं नाही. निरोप्यांत बायाही होत्या, कारण पाटी घेऊन निघालेल्या बाईकडं शिपाई बघायचा नाही. सभेचं बोलावणं जिच्या दारापर्यंत येत नव्हतं, तिच्याच पदरात आता बोलावणं बांधून दिलं जात होतं. नाना पाटलांची मुलगी हौसाताई यांचा किस्सा पुढं सगळीकडं छापून आला. भवानीनगरच्या पोलिस ठाण्यासमोर त्यांनी एका सहकाऱ्याला नवरा करून मारझोडीचं सोंग वठवलं. शिपाई भांडण सोडवायला बाहेर आले आणि आतली हत्यारं गेली.

लपलेल्या राज्याची एक वाईट बाजूही असते. न्याय रात्री व्हायचा, ऐकणारे थोडे, आणि शिक्षा अंगावर. खबऱ्यांच्या, गुंडांच्या तळपायावर मार बसायचा. बैलाला पत्र्या ठोकतात तसं, म्हणून लोकांच्या तोंडी ‘पत्री सरकार’. दरोडेखोरांचा त्यामुळं बंदोबस्त झाला हे खरं. पण आबांच्या भाषेत सांगायचं तर त्या बैठकीत समोर चुलता बसलेला नसायचा. अक्षराची अट लावलेली पारावरची सभा आणि ओळखीच्या साखळीवर चाललेली मळ्यातली बैठक, दोन्हींचा हेतू स्वराज्यच. एकीच्या यादीत सगळे नव्हते, दुसरीला यादी असूनच चालणार नव्हतं. आणि ही दोन्ही स्वराज्यं कुंडलच्या एकाच शिवारात काही काळ एकत्र नांदली.

शेवट चांगला झाला नाही. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींचा खून झाला आणि पुढच्या काही दिवसांत याच भागात ब्राह्मणांची घरं जळली, किर्लोस्करवाडीला आगी लागल्या. सातवळेकर औंध सोडून गुजरातेत पारडीला गेले. आबा त्या दिवसांबद्दल बोलायचे नाहीत. एकदाच म्हणाले, “त्या दिवशी दवंडी दिली नव्हती. तरी सगळी आली.” जमावाला बोलावणं लागत नाही, घोंगडं लागत नाही, कोणी काय म्हणालं ते लिहून ठेवावं लागत नाही. सभेला हे सगळं लागतं. ८ मार्च १९४८ ला औंध संस्थान विलीन झालं. नऊ वर्षांची घटना दप्तरात गेली आणि आबांचं घोंगडं आमच्या माळ्यावर गेलं.

त्यानंतरचा इतिहास कायद्यांचा आहे, तो भरभर सांगते. १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम आला. त्याच सुमारास महार वतनं संपली आणि तराळाचं काम पंचायतीच्या शिपायाकडं आलं. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या. १९९३ पासून बायकांना एक तृतीयांश जागा, २०११ पासून निम्म्या. मताला अक्षराची अट तर देशाच्या घटनेनंच काढून टाकली होती. कागदावर आता कोणी बाहेर नव्हतं. गावचा प्रत्येक मतदार हा ग्रामसभेचा सभासद. सभेआधी सात दिवस नोटीस लावायची, दवंडी द्यायची, आणि मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जो आकडा कमी असेल तेवढी माणसं जमवायची.

तेवढी माणसं जमत नसत. मग काय करायचं, हे मला पहिल्याच वर्षी एका जुन्या भाऊसाहेबांनी शिकवलं. सभा तहकूब करायची. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. अर्ध्या तासानं तीच दहा माणसं, तेच विषय, आणि प्रोसिडिंगमध्ये सूचक अमुक, अनुमोदक तमुक, ठराव सर्वानुमते मंजूर. त्यातूनही सोपा रस्ता म्हणजे रजिस्टर घेऊन शिपायाला घरोघर पाठवायचं. बायका दारात हात पुसत येऊन सही करायच्या, कशावर ते विचारायच्याही नाहीत. मी हे केलंय. एकदा नाही, अनेकदा. आबांनी ज्या सहीसाठी तालमीत कंदील जाळला, ती सही मी उंबऱ्यावर गोळा केली.

‘सर्वानुमते’ या शब्दाची मला लाज वाटायला लागली ती भाच्यामुळं. तो पुण्यात नेटवर्किंगचं काम करतो. त्यानं सांगितलं की इंटरनेट कसं चालावं याचे नियम ठरवणारी इंजिनिअरांची एक सभा आहे, इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्स. जानेवारी १९८६ मध्ये अमेरिकेतल्या सॅन डिएगोला एकवीस जण बसले, तिथून ती सुरू झाली. तिला सभासदांची यादीच नाही. जो येईल तो बोलेल. १९९२ साली डेव्हिड क्लार्क नावाच्या त्यांच्यातल्या एका ज्येष्ठानं रीत सांगून टाकली: राजा नको, अध्यक्ष नको, मतमोजणीही नको, साधारण सहमती झाली आणि काम चालून दाखवलं म्हणजे झालं. मला हसू आलं. त्यांनी राजा नको म्हटलं. आमच्याकडं राजानंच ‘मी नको’ म्हटलं होतं, तेही अर्धशतक आधी.

“मग मत मोजत नाहीत तर ठरवतात कसं?” मी विचारलं. तो म्हणाला, “मावशी, हुंकार देतात.” मला वाटलं थट्टा करतोय. पण खरंच आहे. अध्यक्ष विचारतो, हे पटणाऱ्यांनी हुं म्हणा. मग न पटणाऱ्यांनी हुं म्हणा. तोंड मिटून दिलेला आवाज. कोण म्हणालं ते कळत नाही, किती जोरात ते कळतं. आणि न पटणाऱ्यांचा हुंकार थोडा असला तरी त्यांचं म्हणणं काय ते ऐकून, त्याला उत्तर देऊनच पुढं जायचं. सहमती म्हणजे सगळ्यांना पटलं असं नव्हे. न पटलेल्याचं ऐकून झालं, एवढाच तिचा अर्थ. आजी गोष्ट सांगताना आम्ही हुंकार दिला नाही तर ती गोष्ट थांबवायची. झोपलेल्या पोराला गोष्ट सांगून काय करायचं? माझ्या प्रोसिडिंगमधलं ‘सर्वानुमते’ हे झोपलेल्या पोरांचं होतं.

भाच्याच्या सभेतही सगळं आलबेल नाही, हे त्यानंच सांगितलं. दार उघडं असलं तरी विमानाचं तिकीट कोणाला परवडतं, इंग्रजी कोणाला फाडफाड येतं, यावर बोलणारे ठरतात. अट लिहिलेली नाही, एवढंच.

आमच्या गावाचाही आता फोनवर ग्रुप आहे. खानापूर-आटपाडीची माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पांगलेली, सोन्या-चांदीची भट्टी घेऊन पार दक्षिणेपर्यंत. ग्रामसभेची नोटीस ग्रुपवर पडते तेव्हा कोइमतूरच्या आळीत बसलेल्या माणसाला ती क्षणात कळते. अंगठा दाखवून तो मंजुरीही देतो. पंचायतीच्या मागच्या गल्लीत मात्र जिच्याकडं असला फोन नाही, तिला संध्याकाळी नळावर कळतं. मेंढरं घेऊन कोकणाकडं उतरलेल्या धनगराला तर परत आल्यावर. मला या ग्रुपचा राग नाही. तीनशे कोसांवरचा माणूस गावच्या पाण्यावर बोलतो हे आबांना आवडलं असतं. त्यांनी फक्त विचारलं असतं, नावं घालतो कोण आणि काढतो कोण.

माझी शेवटची ग्रामसभा १५ ऑगस्टची होती. झेंडावंदन झालं, पोरं गोळ्या घेऊन पांगली, सभेला बावीस माणसं राहिली. नेहमीसारखी तहकूब केली. अर्धा तास काढायचा म्हणून मी बाहेरच्या कट्ट्यावर बसले. नव्या वस्तीतली एक बाई घागर घेऊन चालली होती. माझ्याकडं बघून थांबली.

“बाई, सभा हाय म्हनं?”

“आहे की. अर्ध्या तासानं परत बसतेय. या.”

तिनं घागर कमरेवर नीट घेतली. “आमास्नी बोलीवलंय व्हय?”

आजीचेच शब्द, त्याच सुरात. मी कायदा सांगायला तोंड उघडलं, की सगळ्यांनाच बोलावणं असतं, दवंडी दिलीय. ती म्हणाली, “दवंडी आमच्याकडं आली न्हाई.”

शिपाई दारातच उभा होता. मी त्याला विचारलं, दवंडी कुठवर दिलीस? तो सहज म्हणाला, “नेहमीपरमानं. टाकीपतूर.”

पाण्याची टाकी गावाच्या कडेला. नवी वस्ती तिच्या पलीकडं. मी आत गेले, प्रोसिडिंग उघडलं. पहिली ओळ मी सकाळीच लिहून ठेवली होती, एकतीस वर्षं लिहीत होते तशीच: ‘दवंडी देऊन सर्व ग्रामस्थांना कळविण्यात आले.’ पेन घेतलं आणि ‘सर्व ग्रामस्थांना’ हे शब्द खोडले. वर लिहिलं, ‘टाकीपर्यंत.’